दान आलेले संगणक दुसऱ्या वर्षीही चालावेत म्हणून: शाळा, लिनक्स आणि ओपन सोर्स

जिल्हा परिषदेच्या शाळेत संगणक येतात तो दिवस गावाच्या लक्षात राहतो. पुण्या-मुंबईहून टेम्पो येतो, कुणा माजी विद्यार्थ्याने कंपनीत शब्द टाकलेला असतो, नारळ फुटतो, सरपंच फीत कापतात, पोरं खिडकीला लोंबकळून बघतात. मी अशा शाळांत बहुतेक वेळा दुसऱ्या वर्षी पोचते. तेव्हा खोलीला कुलूप असतं. संगणकांवर जुनी चादर टाकलेली असते. बारापैकी चार सुरू होतात आणि त्यातले दोन दहा मिनिटांत हँग होतात. कारण विचारलं की गुरुजी सांगतात, "मॅडम, व्हायरस आलाय. फॉरमॅट मारणाऱ्याला दोनदा फोन केला, तो तालुक्याहून यायला तयार नाही."

अशा बंद खोल्या पुन्हा उघडायच्या कामात मी काही वर्षं आहे आणि तिथे आम्ही जवळजवळ सगळीकडे ओपन सोर्स सॉफ्टवेअर वापरतो. ते फुकट आहे म्हणून, असं लोकांना वाटतं. पैसे वाचतात हे खरंच आहे. पण पैसे वाचूनही खोली बंदच राहिलेली मी पाहिली आहे. खोली उघडी राहते ती शाळेतल्याच कुणाला तरी यंत्र नीट करता येतं तेव्हा, आणि तसं ते करायची मुभा असते तेव्हा. ओपन सोर्स म्हणजे मुख्यतः ही मुभा. ती कशी मिळते आणि प्रत्यक्षात कशी वापरायची, ते इथे सांगते.

टेम्पोतून नेमकं काय उतरतं

मोठ्या कंपन्या आपले संगणक काही वर्षांनी बदलतात. यंत्रं तशी धडधाकट असतात, फक्त त्यांची मुदत संपलेली असते. २०१३च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५मुळे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना नफ्याचा दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्च करावा लागतो. त्यामुळे शाळांशी संबंध ठेवणाऱ्या कंपन्याही वाढल्या आहेत आणि त्या ओळखीतून ही जुनी यंत्रं शाळेपर्यंत पोचतात.

देण्याआधी कंपनी हार्ड डिस्क पूर्ण पुसते किंवा काढूनच घेते. त्यात ग्राहकांची माहिती असते, त्यामुळे हे योग्यच आहे. पण परिणाम असा होतो की शाळेत येतो तो संगणकाचा देह. त्यावर विंडोज असलं तरी कंपनीने घेतलेला परवाना बहुधा कंपनीच्या नावावर असतो, यंत्राबरोबर तो आपोआप शाळेकडे येत नाही. हे देणगी देताना कुणी सांगत नाही आणि घेताना कुणी विचारत नाही.

मग तालुक्याच्या गावातला दुरुस्तीवाला येतो आणि क्रॅक केलेलं, म्हणजे परवाना चुकवून चालवलेलं, विंडोज टाकून देतो. त्याचा हेतू वाईट नसतो, त्याला सगळे तेच मागतात. पण क्रॅक टिकावा म्हणून अपडेट बंद केलेले असतात, अनेकदा अँटिव्हायरसही बंद केलेला असतो, आणि क्रॅक करणारी फाइल कुठून आली हे कुणालाच माहीत नसतं. अशा यंत्रात केंद्रशाळेतून फिरून आलेला पेन ड्राइव्ह लागला की काय होतं ते वर गुरुजींनी सांगितलंच आहे.

यात आता आणखी एक गोष्ट घडली आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ला मिळणारे नेहमीचे सुरक्षा-अपडेट थांबले. विंडोज ११ला यंत्रात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे २०१७च्या आधीची बहुतेक यंत्रं या चाळणीतून खाली पडतात, मग ती कितीही चांगली चालत असोत. माझ्या अंदाजाने पुढची दोन-तीन वर्षं शाळांच्या दारात हीच यंत्रं येणार आहेत. विंडोजच्या जागी लिनक्स ही मुक्त प्रणाली टाकली तर ती आणखी पाच-सहा वर्षं आरामात चालतील.

बियाणं राखता येतं का?

ओपन सोर्स म्हणजे काय, हे शिक्षकांना आणि पालकांना सांगताना मी बियाण्याचं उदाहरण देते, कारण त्यावर गावात कुणालाच वेगळं समजवावं लागत नाही.

संकरित बियाणं दर हंगामाला विकत आणावं लागतं. आलेल्या पिकातलं दाणं राखून पुढच्या वर्षी पेरलं तर तेच पीक मिळत नाही. देशी वाणाचं तसं नसतं. ते पेरता येतं, पारखता येतं, शेजाऱ्याला पायलीभर देता येतं आणि चांगली कणसं निवडून सुधारताही येतं. आजीने मडक्यात राख घालून ठेवलेलं बियाणं नातवाच्या शेतात उगवतं, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यातले चार हक्क अगदी हेच आहेत: हव्या त्या कामासाठी वापरा, आत काय आहे ते उघडून बघा, प्रती काढून वाटा, आणि बदल करून ती सुधारलेली प्रतही वाटा. 'आत' म्हणजे सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅम लिहिताना माणसाने लिहिलेला मूळ मजकूर. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये हा मजकूर कंपनीकडे राहतो, आपल्याला फक्त यंत्राला कळणारं रूप मिळतं. ते चालवता येतं, पण वाचता येत नाही.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त सॉफ्टवेअरची हाक दिली तेव्हापासून इंग्रजीत एक घोळ चालू आहे, कारण त्या भाषेत फुकट आणि मुक्त या दोन्हींना एकच शब्द आहे. मराठीत हा घोळ होण्याचं कारणच नाही. आपल्याकडे दोन शब्द आहेत आणि दोघांतला फरक लहान पोरालाही कळतो. तरीही आपण 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणतो आणि फुकट समजतो, याची मला खरंच हळहळ वाटते.

देशी बियाणं आहे म्हणून उतारा जास्त येतोच असं नसतं, हेही इथेच सांगते. काही कामांत विकतचं सॉफ्टवेअर सरस आहे. शाळेसाठी मात्र राखता येणं आणि वाटता येणं याला मोल आहे, कारण शाळेकडे दर हंगामाला बियाणं घ्यायला पैसा नसतो.

आता लिनक्स. हेलसिंकीत शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ साली, एकविसाव्या वर्षी, संगणकाचा गाभा चालवणारा प्रोग्रॅम लिहून सगळ्यांना खुला केला. प्रोसेसर, मेमरी, डिस्क, कीबोर्ड या सगळ्यांना कामाला लावणारा हा गाभा म्हणजे लिनक्स. पण नुसत्या गाभ्याने काम भागत नाही. खिडक्या, मेनू, ब्राउझर, लिहायचा प्रोग्रॅम, असं सगळं एकत्र बांधून जो तयार संच देतात त्याला डिस्ट्रिब्यूशन किंवा बोली भाषेत डिस्ट्रो म्हणतात. उबंटू, मिंट, डेबियन ही अशी नावं. सी-डॅक या आपल्या सरकारी संगणक-संशोधन संस्थेनेही भारतीय भाषा समोर ठेवून 'बॉस' नावाचा संच केला आहे.

कोणता घ्यावा यावर उत्साही मंडळी रात्रभर वाद घालतात. शाळेने त्यात पडू नये. चार जीबी रॅम असेल तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्यावी. तिचा मेनू डाव्या कोपऱ्यात खाली असतो, त्यामुळे विंडोजची सवय असलेल्या गुरुजींचा हात अडखळत नाही. रॅम दोन जीबी असेल तर एलएक्सक्यूटी हा हलका डेस्कटॉप घातलेलं डेबियन घ्यावं. यापेक्षा महत्त्वाची गोष्ट ही की केंद्रातल्या सगळ्या शाळांनी एकच संच घ्यावा. मग दर महिन्याच्या शिक्षण परिषदेत एका शाळेची अडचण दुसरीला सोडवता येते.

आधी यंत्र बघा

संच टाकण्याआधी स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यावा लागतो. देणगी नाकारता येते, हेही शाळांना माहीत असावं. मी सांगते की देणाऱ्याला आधीच विचारा: प्रोसेसर ६४ बिटचा आहे का, रॅम किती, डिस्क आहे का, पॉवर कॉर्ड आणि कीबोर्ड सोबत येणार का, आणि सगळी यंत्रं एकाच मॉडेलची आहेत का. शेवटचा प्रश्न सगळ्यात कामाचा. एकाच मॉडेलची दहा यंत्रं असली की दोन बिघडली तरी त्यांच्या सुट्या भागांवर आठ कितीतरी वर्षं चालतात. दहा वेगवेगळ्या जातींची दहा यंत्रं म्हणजे दहा वेगळी दुखणी. ३२ बिटची यंत्रं तर आता घेऊच नयेत. ऑगस्ट २०२५मध्ये आलेल्या डेबियन १३ने त्यांच्यासाठीचा इन्स्टॉलर देणं बंद केलं, आणि डेबियन म्हणजे जुन्या यंत्रांना शेवटपर्यंत सांभाळणारं घर.

पैसे थोडेच असतील तर ते कुठे घालावेत? हार्ड डिस्क काढून छोटी एसएसडी लावण्यात. १२० जीबीची पुरते. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते आणि काटा हव्या त्या जागी जाऊन माहिती उचलतो. यंत्र मंद वाटतं ते बहुतेक वेळा या काट्याच्या येरझाऱ्यांमुळे. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. तोच संगणक, तोच प्रोसेसर, पण सुरू व्हायला लागणारा वेळ इतका कमी होतो की शिक्षक पुन्हा पुन्हा चालू-बंद करून बघतात. लोकवर्गणीतून काही मागायचं असेल तर हे मागा.

आणखी एक वस्तू म्हणजे नाण्याएवढी, सीआर २०३२ नावाची बॅटरी. ती मदरबोर्डवर असते आणि यंत्र बंद असतानाही घड्याळ चालू ठेवते. गोदामात पडलेल्या यंत्रांत ती हमखास संपलेली असते. एका शाळेत आमचा अर्धा दिवस या बॅटरीपायी गेला. इंटरनेट होतं, केबल ठीक होती, तरी प्रत्येक साइट उघडताना ब्राउझर धोक्याची सूचना देत होता. शेवटी सहावीतल्या एका मुलीने कोपऱ्यातली तारीख दाखवली. यंत्राच्या लेखी २००९ साल चालू होतं. सुरक्षित साइट आपलं प्रमाणपत्र दाखवते आणि त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत' असं लिहिलेलं असतं. २००९ सालात राहणाऱ्या यंत्राला ती सगळी प्रमाणपत्रं भविष्यातली वाटत होती, म्हणून ते त्यांच्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हतं. बॅटरी बदलली आणि काम झालं. त्या मुलीला आम्ही तेव्हाच खोलीची प्रमुख केलं.

टाकायचं कसं

मिंट किंवा डेबियनची फाइल उतरवायची, एका पेन ड्राइव्हवर खास पद्धतीने लिहायची, पेन ड्राइव्ह लावून यंत्र सुरू करताना एफ१२ किंवा त्या कंपनीची जी कळ असेल ती दाबायची आणि पेन ड्राइव्हवरून बूट करायचं. डिस्कला हात न लावता पूर्ण डेस्कटॉप समोर येतो. याला लाइव्ह सेशन म्हणतात. इथेच सगळं तपासून घ्यावं: आवाज येतो का, पडदा पूर्ण भरतो का, नेटवर्क मिळतं का. समाधान झालं की मगच इन्स्टॉल करावं. गुरुजींना हा भाग फार आवडतो, कारण 'काही बिघडलं तर' ही भीती इथे लागू होत नाही.

बारा यंत्रांवर बारा वेळा हे करायची गरज नाही. एक यंत्र मनासारखं सजवायचं, मराठी, मुलांचे प्रोग्रॅम, पाठ्यपुस्तकं सगळं घालायचं, आणि क्लोनझिला नावाच्या प्रोग्रॅमने त्या डिस्कची हुबेहूब प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यायची. मग ती प्रत बाकीच्या यंत्रांवर ओतायची. लिनक्समध्ये बहुतेक यंत्रभागांचे ड्रायव्हर गाभ्याबरोबरच येतात, म्हणून थोड्या वेगळ्या मॉडेलवरही ही प्रत बहुधा उभी राहते. इथेच वाटण्याचा हक्क कामी येतो. ही प्रत शेजारच्या शाळेला देणं कायदेशीर आहे. शंभर शाळांना दिली तरी कायदेशीर आहे. मूळ प्रत असलेली डिस्क मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवायची. यंत्र कितीही बिघडलं तरी अर्ध्या तासात ते पहिल्यासारखं होतं आणि तालुक्याहून कुणी यायची वाट बघावी लागत नाही.

प्रत्येक यंत्रावर दोन खाती असावीत. 'विद्यार्थी' खात्याला पासवर्ड नको आणि प्रोग्रॅम टाकायचा-काढायचा अधिकारही नको. मुलं त्यात काहीही उलटसुलट करोत, यंत्राचा गाभा सुरक्षित राहतो. 'शिक्षक' खात्याला अधिकार आणि पासवर्ड. हा पासवर्ड कागदावर लिहून पाकिटात घालून कपाटात ठेवायचा. सुरक्षेचे जाणकार यावर नाराज होतील, पण त्यांनी जिल्हा परिषदेच्या बदल्या बघितलेल्या नाहीत. संगणकाची आवड असलेल्या एका गुरुजींची बदली होते, पासवर्ड त्यांच्या डोक्यातून दुसऱ्या तालुक्यात जातो आणि खोली बंद पडते. व्हायरसने बंद पडलेल्या खोल्यांपेक्षा बदलीने बंद पडलेल्या खोल्या मी जास्त पाहिल्या आहेत.

बदलीइतकीच वाईट गोष्ट म्हणजे भीती. दान आलेलं प्रत्येक यंत्र जडसंग्रह नोंदवहीत चढतं आणि एकदा चढलं की ते मोडलं तर जबाबदार कोण, हा प्रश्न शिक्षकाच्या मानेवर बसतो. म्हणून खोलीला कुलूप लागतं. यावर शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक साधा ठराव करून घ्यावा: मुलांच्या वापरात यंत्र बिघडलं तर त्यासाठी कुणा एका शिक्षकाला जबाबदार धरू नये अशी समितीची शिफारस राहील. मी पाहिलेल्या शाळांत या चार ओळींनी जे साधलं ते कुठल्याही प्रशिक्षणाने साधलं नव्हतं.

मराठी, आणि बोटांची सवय

लिनक्सवर मराठी येते का, असं अजूनही विचारतात. येते, आणि यंत्र पहिल्यांदा सुरू केल्यापासून येते. लिहिण्याचं आणि तक्ते करायचं लिबरऑफिस मराठी मेनूसह मिळतं. देवनागरीचे मोकळे फॉन्ट भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा 'मुक्त' हा सुंदर फॉन्टही त्यातलाच, पोस्टरपासून प्रश्नपत्रिकेपर्यंत कुठेही वापरा.

मुलांना सुरुवातीपासून इनस्क्रिप्ट कीबोर्ड शिकवावा, असं माझं ठाम मत आहे. मोठी माणसं इंग्रजी स्पेलिंग करून मराठी टाइप करतात, कारण त्यांची बोटं तशी घडली आहेत. तिसरीतल्या मुलाच्या बोटांना अजून कसलीच सवय नाही. इनस्क्रिप्टची रचना बाराखडीसारखीच नेटकी आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं मुख्यतः उजव्या हाताला. इंग्रजी 'के'च्या कळीवर क, शिफ्ट धरून तीच दाबली की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. 'कमळ' लिहायचं तर के, सी, आणि शिफ्ट धरून एन. 'दुसऱ्या'मधला ऱ शिफ्ट धरून जे दाबला की मिळतो. तो कुठे सापडतो म्हणून पदवीधर माणसंही हैराण असतात. हीच मांडणी बाकीच्या भारतीय लिप्यांनाही लागू आहे. सोलापूर, जत, गडहिंग्लजकडच्या मुलांनी कीबोर्ड कन्नडवर नेला तर क ज्या कळीवर असतो त्याच कळीवर ಕ असतो.

अडचण जुन्या कागदपत्रांची. वीस-पंचवीस वर्षांतल्या प्रश्नपत्रिका, पत्रं, दाखल्यांचे नमुने युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतात. त्या फॉन्टमध्ये अक्षराच्या मागे प्रत्यक्षात इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्यावर मराठीचा मुखवटा चढवतो. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर मुखवटा गळतो आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. तो पाहिला की शिक्षक म्हणतात, लिनक्समध्ये मराठी बिघडते. दुसऱ्या कुणाच्या विंडोजवर नेली तरी ती फाइल तशीच दिसेल. अशा फाइली रूपांतर करून एकदाच युनिकोडमध्ये आणाव्यात. सुट्टीतलं आठवडाभराचं काम आहे, पण ते केलं की कायमची सुटका.

इंटरनेट नसताना

बहुतेक शाळांत इंटरनेट म्हणजे गुरुजींच्या मोबाइलचा हॉटस्पॉट. म्हणून जे लागेल ते यंत्रातच भरून द्यावं. किविक्स या प्रोग्रॅमने अख्खा मराठी विकिपीडिया एका फाइलीत मिळतो. ती फाइल एका यंत्रावर ठेवून बाकीच्यांना साध्या नेटवर्क केबलने जोडलं की सगळ्या मुलांना ब्राउझरमध्ये तो उघडता येतो, बाहेरचं नेट असो वा नसो. बालभारतीची पाठ्यपुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली विज्ञान-गणिताची प्रयोगखेळणी उतरवून ठेवता येतात आणि त्यातली बरीच मराठीत आहेत. विद्युतमंडलातला दिवा लावताना मुलं स्वतः तार जोडतात, तोडतात, शॉर्ट सर्किट करून आग लागलेली बघतात. खऱ्या प्रयोगशाळेत ती मोकळीक कुणी देत नाही.

लहानांना जीकॉम्प्री द्यावं. माउस धरण्यापासून घड्याळ वाचण्यापर्यंत शंभराहून जास्त खेळ त्यात आहेत. पहिली-दुसरीला चित्रं काढायचं टक्स पेंट. ते कितीही जुन्या यंत्रावर पळतं, आणि त्यातले रंग उमटतानाचे आवाज ऐकून अख्खी खोली हसते. मोठ्यांना ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला शिकवणारं स्क्रॅच आणि आकाश दाखवणारं स्टेलेरियम. स्टेलेरियममध्ये आपल्या गावाचे अक्षांश-रेखांश भरावेत आणि आज रात्री गुरू कुठे दिसेल ते दुपारीच बघावं. मुलं संध्याकाळी घरच्यांना अंगणात ओढून नेतात.

शिक्षकांसाठी आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत. दहा-पंधरा मिनिटांची ध्वनिचित्रफीत, मराठीतून. अर्ध्या पडद्यावर ती लावायची आणि उरलेल्या अर्ध्यावर तेच करत जायचं. लिबरऑफिस शिकायला याहून चांगलं साधन माझ्या पाहण्यात नाही.

जे चालत नाही तेही सांगितलं पाहिजे

खूप शाळांत एक छोटा जुना लेझर प्रिंटर असतो. त्याला लिनक्सवर चालवायला जिवाचं रान करावं लागतं, कधी कधी तरीही चालत नाही. डिजिटल सहीची काही साधनं, काही बायोमेट्रिक यंत्रं, आणि कंपन्यांनी दिलेल्या इ-लर्निंगच्या जुन्या सीडी फक्त विंडोजसाठी बनवलेल्या असतात. म्हणून माझा सल्ला असा की मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा एक संगणक परवान्यासह विंडोजवरच राहू द्या. मुलांची खोली लिनक्सवर न्या. युडायससारख्या सरकारी साइटवर शाळेची माहिती भरायची कामं ब्राउझरमध्येच होतात, ती दोन्हीकडे चालतात.

पालक विचारतात, पुढे नोकरीत विंडोजच लागेल ना? प्रश्न रास्त आहे. एमएस-सीआयटी केलेल्या प्रत्येक घरात संगणक म्हणजे विंडोज हेच समीकरण आहे. मी त्यांना सांगते, पाचवीतलं मूल नोकरीला लागेल तेव्हा आजचं कुठलंच बटण आजच्या जागी नसेल. फाइल म्हणजे काय, ती कुठे ठेवली, तक्त्यात बेरीज कशी होते, चूक झाली तर मागे कसं यायचं, हे ज्याला कळलं तो कुठल्याही यंत्रावर तासाभरात रुळतो. 'सरकारला चालेल का' असं विचारणाऱ्यांसाठी: केंद्र सरकारने २०१५ साली स्वतःच्या कारभारात ओपन सोर्सला प्राधान्य द्यायचं धोरण जाहीर केलेलं आहे.

केरळने हे राज्यभर करून दाखवलं. तिथे २००१ साली आयटी ॲट स्कूल हा प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तो पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. २०१७पासून काइट ही सरकारी कंपनी ते काम बघते. उबंटूवर आधारलेला, मल्याळममधला स्वतःचा संच ते शाळांना देतात. पण त्यांच्या यशाचं कारण त्या संचात शोधू नये. त्यांनी पाठ्यपुस्तक या सॉफ्टवेअरवर बेतलं, दहावीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावर घेतली, आणि आधी शिक्षकांना तयार केलं. २०१८पासून शाळाशाळांत 'लिटल काइट्स' नावाचे विद्यार्थ्यांचे गट आहेत. यंत्रं सांभाळायचं बरंचसं काम हीच मुलं करतात. आपल्याकडे एकट्या शाळेला परीक्षा बदलता येत नाही. पण सहावी-सातवीतल्या पाच मुलांना क्लोनझिला शिकवणं कुठल्याही शाळेला जमतं. आम्ही प्रत्येक शाळेत तेवढं करूनच निघतो.

सगळं करूनही यंत्र कधीतरी मरतंच. मदरबोर्ड गेला की ओढाताण करू नये. रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय काढून, नाव लिहून डब्यात ठेवावेत, नोंदवहीतून रीतसर निर्लेखन करून घ्यावं आणि उरलेलं नोंदणीकृत इ-कचरा केंद्राकडे द्यावं, भंगारवाल्याकडे नाही. तो तारा जाळून तांबं काढतो आणि तो धूर गावातच राहतो. देण्याआधी मात्र एक यंत्र झाकण काढून खोलीतल्या टेबलावर तसंच राहू द्यावं, शक्यतो पंख्यासकट. खोलीची प्रमुख नव्या पाचवीला पहिल्या दिवशी तिथेच उभं करते आणि नाण्याएवढी ती बॅटरी कुठे असते ते आधी दाखवते.